बिनवासाची माती

सतरा नंबरची पिशवी उघडली आणि वास आलाच नाही. आसावरीनं पिशवीत नाक घातलं, डोळे मिटले, पुन्हा एकदा हुंगलं. नाही. खाडीतल्या तिवरांच्या बुडातला चिखल सडक्या अंड्यासारखा घाण मारतो, हे तिनं निदान दहा ठिकाणी वाचलं होतं. या मातीला झाडून ठेवलेल्या खळ्याचा वास होता, तोही असलाच तर. तिनं चिमूटभर माती बोटांत चोळली. मऊ, एकसारखी, चाळलेल्या रांगोळीसारखी. एक तंतू नाही, पानाचा तुकडा नाही, शिंपल्याची कपचीसुद्धा नाही. कोकणातल्या कांदळवनाचा म्हणून आलेला हा चिखल तिच्या टेबलावर असा स्वच्छ आणि शहाणा होऊन बसला होता, की त्यानं उभ्या जन्मात झाड पाहिलं नसावं. खिडकीखालून एक रिकामी ट्रॉली धडधडत गेली. कुठंतरी पाणी मुरतंय, असं आसावरीला वाटलं. ते वाटणं तिच्या ओळखीचं होतं.

प्रयोगशाळा बारामतीत, एमआयडीसीतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. मालक विजयसिंह; माती तपासणारी मुख्य बाई आसावरी. अठरा वर्षं तिनं बारामती-इंदापूरची उसाची माती तपासली होती. कोणत्या शिवारातली जमीन पाण्यानं खारावून चोपण झाली, कुणी युरियाची पोती डोळे झाकून ओतली, हे ती पिशवी हातात धरूनच सांगायची, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. माणसाला बरोबर निघण्याची सवय लागली की त्याचं काही खरं नसतं. हे खाडीचं काम मात्र नवं होतं. कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात बेचाळीस बायकांच्या गटानं कांदळवन राखलं होतं. तोड थांबवली होती, उघड्या पडलेल्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीत, नवी रोपं लावली होती. तिवरांच्या मुळांखालचा चिखल हवेतला कार्बन शेकडो वर्षं धरून ठेवतो. त्याला आता ब्लू कार्बन म्हणतात, आणि तो मोजून दाखवला तर त्याला जगात गिऱ्हाईक आहे. मुंबईची एक कंपनी ते मोजमाप करून घेत होती. मोजमाप खरं ठरलं तर खाजण वीस वर्षं बायकांच्या राखणीत राहणार होतं. नाही ठरलं तर कोळंबीची तळी खणणारे दारात उभेच होते. खरं की खोटं हे ठरणार होतं आसावरीच्या सहीनं. काम घेताना विजयसिंह म्हणाले होते, "अहो, माती ती माती. उसाची काय आणि खाडीची काय."

काचेच्या नळीतून शेवटचे थेंब पडताना खालच्या भांड्यातला जांभळट निळा रंग एका थेंबात हिरवा होतो. त्या एका थेंबावर आसावरीचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नव्हता. सतरा नंबरच्या पिशवीत कार्बन निघाला एक पूर्णांक एक टक्का. अठरा, म्हणजे त्याच जागेचा खालचा थर, एक पूर्णांक एक. एकोणीस, एक पूर्णांक दोन. वीस, मीटरभर खोलीवरचा, पुन्हा एक पूर्णांक एक. तिनं हाताखालच्यांनी तपासलेल्या आधीच्या चार जागांचे आकडे काढून बघितले. तिथंही तेच, वरपासून खालपर्यंत एकच आकडा. खाडीच्या चिखलात तीन-चार टक्के तरी कार्बन हवा, आणि थरागणिक तो थोडा तरी बदलायला हवा. एवढी सारखी माती निसर्गात नसते. म्हणजे कुणीतरी एका जागी फावडं घातलं, एक घमेलं भरलं आणि ते चार पिशव्यांत वाटलं. असं दहा वेळा केलं. कुणीतरी म्हणजे कोण, हेही लगेच तिच्या मनात आलं, आणि ते इतकं लगेच आलं याची तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

दीपक कन्हेरीचा. घरचा ऊस, पण हा पंधरा वर्षं प्रयोगशाळेसाठी गावोगाव मातीचे नमुने गोळा करत फिरला. आसावरीला तो ताई म्हणायचा, संक्रांतीला घरच्या ओल्या हरभऱ्याचा भाजलेला हावळा आणून द्यायचा. खाडीवर खरं तर आसावरीनंच जायचं होतं. पण तिला घाटात उलट्या होतात. लहानपणी महाबळेश्वरच्या सहलीत सगळ्या वर्गासमोर उलटी झाली होती, तेव्हापासून घाट म्हटला की तिच्या तोंडाला पाणी सुटतं, वाईट अर्थानं. म्हणून दीपक गेला. पहिल्या खेपेला तो नळ्या, पिशव्या देऊन आणि बायकांना दाखवून आला. पंधरवड्यानं जाऊन भरलेल्या चाळीस पिशव्या घेऊन आला. येताना ताईंना सुके बोंबील. ते बोंबील ज्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते त्यावर इंदापूरच्या पंचायत समितीची बातमी होती. तेव्हा तिनं ते पाहिलं आणि सोडून दिलं. आता ते पान डोळ्यांसमोर उभं राहिलं. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला काय बोंबील मिळत नाहीत? उजनीच्या पाण्यावर वसलेला मासळीचा बाजार तो, तिथं समुद्राचंही मिळतं. आणि भिगवणला चिखल काय थोडा आहे? वैशाखात धरणाचं पाणी मागं हटलं की मैलभर गाळ उघडा पडतो. घाट उतरा कशाला, ढोपरभर चिखलात शिरा कशाला, असं एखाद्याला वाटलं तर? कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. पण पिवळं दिसतं तेव्हा त्याला ती कावीळ वाटत नाही, नजर तेज झाली असंच वाटतं.

संध्याकाळी दीपक पिशव्या ठेवायला वर आला तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "दीपकराव, त्या खाडीच्या पिशव्या भरल्या कुणी?"

"बायांनी की, ताई. मी पैल्या दिशी दावलं, म्होरं त्यांनीच समदं केलं. लई नेटाच्या बाया हायेत."

"आणि फोटो? कंपनीला जागेचे फोटो हवे होते."

"आवो, फोन चिखलात पडला, म्हटलं न्हवं का तुमाला. फोनचं सोडा, मीच ढोपरापत्तुर रुतलो व्हतो. बायांनी वढून काढलं मला." तो हसला.

"बोंबील चांगले होते हं. कुठले?"

"तितलेच. आवडलं न्हाईत व्हय?"

आवडले, असं म्हणून ती खाली बघत राहिली. पिशव्या भरताना नेमकं काय काय केलं, हा सरळ प्रश्न तिनं विचारला नाही. संशयी माणूस सरळ प्रश्न कधी विचारत नाही. त्याला उत्तर नको असतं, त्याला माणूस अडकायला हवा असतो. दीपक जिना उतरून जाताना शीळ घालत होता. निर्ढावलेला आहे, असं तिला वाटलं. गप्प गेला असता तर घाबरला असं वाटलं असतं.

हा स्वभाव तिनं कुठून आणला, हे तिच्या गावात, शेळगावात, कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिचे वडील केशवराव तीस वर्षं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. आधी भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी. मधल्या आकड्यात शेतकऱ्याचं वर्षभराचं रक्त. तो आकडा केशवराव लिहायचे, आणि सगळा तालुका म्हणायचा, केशव काटा मारतो, वजन चोरतो. आसावरी चौथीत होती तेव्हा वर्गातली माधवी तिला म्हणाली होती, तुझ्या बापानं आमचा टनभर ऊस खाल्ला. त्या संध्याकाळी ती जेवणाऱ्या वडिलांकडे बघत बसली. दोन भाकरी, पिठलं, कांदा. एवढंसं खाणारा माणूस टनभर ऊस कुठं ठेवतो, हे काही तिला कळेना. एकदा गेणबा म्हणून एक शेतकरी बैलगाडीत खताची पन्नास किलोची मोजून वीस पोती घालून आला आणि म्हणाला, ही तोल. काटा बिनचूक निघाला. रांगेतली सगळी माणसं बघत होती. गेणबानं बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आज बराबर हाय." वडिलांनी नुसता पुढच्या गाडीला हात केला. आसावरी काट्याच्या खोलीच्या दारात उभी होती. वडील काही बोलले नाहीत, म्हणजे काहीतरी असणार, असं तेव्हा तिलाही वाटलं होतं. बाप चोर आहे की नाही हे ठाऊक नसताना मोठं होणं म्हणजे काय, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. एवढंच, की तिनं मातीचा धंदा धरला, जिथं थेंब हिरवा होतो किंवा होत नाही. लग्नाचं म्हणाल तर दोन स्थळं चालून आली होती. दोन्ही घरांची तिनं इतकी चौकशी केली, की शेवटी त्यांनीच कानाला खडा लावला.

रविवारी सकाळी ती स्कूटरवर भिगवणला गेली. पिशवीत खुरपं आणि स्टीलचा डबा. रस्त्यालगतच्या हॉटेलांत इतक्या सकाळीच मासे तळायला लागले होते. पाणी खूप आत गेलं होतं आणि उघड्या गाळाला भेगा पडल्या होत्या, लांबवर होड्या कलंडून पडल्या होत्या. ती चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेली. पाय घोट्यापर्यंत आत जाऊ लागले तेव्हा तिला एकदम सुख झालं, गार, बुळबुळीत सुख, आणि त्या सुखाचंही तिला नवल वाटलं नाही. इथंच उभा असेल तो, असं ती मनात म्हणाली. इथंच, पँट दुमडून, शीळ घालत. तिनं वाकून खुरप्यानं गाळ डब्यात भरला. मान वर केली तर बाजाराच्या बाजूनं मासळीची टोपली घेऊन चाललेला एक माणूस थांबून तिच्याकडे बघत होता. चोर दीपक, आणि चोरासारखी इकडंतिकडं बघत होती ती. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि ते सरळ बसलं नाही तर पुन्हा लावलं.

गाळ तिनं घरी गच्चीच्या सावलीत वाळवला, सोमवारी प्रयोगशाळेत नेऊन तपासला. एक पूर्णांक दोन. सापडला! ती खुर्चीत मागं रेलली आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. कोणत्याही दोन मातींचे आकडे जुळू शकतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ओल्या गाळालाही घाण वास होता आणि सावलीत वाळल्यावर तो गेला, हे तिनं स्वतःच्या नाकानं अनुभवलं होतं. पण गाडी उताराला लागली होती. तिनं अहवाल लिहायला घेतला. नमुने कांदळवनातील असल्याचे दिसत नाही. चारही थरांतील माती एकाच ठिकाणची आहे. नमुने गोळा करणाऱ्यांच्या सचोटीबद्दल शंका घेण्यास जागा आहे. शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. किती बेताचं, किती सभ्य वाक्य! अहवाल वाचून विजयसिंहांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे आपला दीपक?"

"दीपक, नाहीतर त्या बायका. नाहीतर दोघंही."

"त्याच्याशी बोललात?"

"बोलते."

मंगळवारी दुपारी अहवाल मुंबईला गेला. दीपकशी ती बोलली नव्हती. तो शेळगावच्या बाजूला नमुने आणायला गेला होता, हे एक निमित्त. पण फोन होता की त्याच्याजवळ, नवा घेतला होता. तोही तिनं मनात टिपून ठेवला होता, नवा फोन.

केशवराव आता तिच्याकडेच असतात. ऐंशी उलटली. संध्याकाळी ते गच्चीच्या पायरीवर बसून लसूण सोलतात. कुणी सांगितलेलं नाही, पण सोलतात. मंगळवारी ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिला कुणालातरी सांगायचं होतं. तिनं सगळं सांगितलं, बिनवासाची माती, चार थरांचा एक आकडा, भिगवण. ते लसूण सोलत ऐकत होते. आणि मग, चाळीस वर्षं जे जिभेवर आलं नव्हतं ते, का कोण जाणे, आलं.

"आबा, एक विचारू? काट्यावर असताना तुम्ही कधी…"

त्यांचा हात थांबला. वाक्य पुरं करायची गरज पडली नाही.

"काटा मारला म्हून सांगाय समदी आली," ते म्हणाले. "मारला का, म्हून इचाराय कुणी आलं न्हाय. तुजी आई बी न्हाय. तू बी न्हाय."

"मग आता सांगा."

"आता काय सांगू? व्हय म्हटलं तर तुला खरं वाटंल. न्हाय म्हटलं तर काय वाटंल, ते तुजं तुलाच म्हाईत न्हाय." त्यांनी पुढची पाकळी उचलली. "त्या बायांना इचारलंस?"

"आबा, चोराला कुणी विचारतं का?"

"चोर हायेत हे त्यांला न इचारता ठरलं व्हय?"

ती उठून आत आली. तिला राग आला होता, वडिलांचा आणि लसणाच्या वासाचा. रात्री कूस बदलताना लक्षात आलं, की त्यांनी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही. म्हणजे मारलाच असेल. हा विचार आला आणि तिची तिलाच भीती वाटली.

बुधवारी सकाळी तिनं गटाच्या अध्यक्षबाईंना फोन लावला. स्वरूपा नाव. आवाज मोकळा, मागं कोंबड्या. आसावरीनं नाव सांगितलं मात्र, तिकडून हसूच आलं. "बाई, तुम्ही! अहो, कालच तुमची आठवण काढली. आमचे नमुने पास झाले ना?"

"काम चालू आहे. मला जरा सांगाल, नमुने कसे घेतलेत?"

"सांगते की. ओहोटीला नळी मारायची, दीपकभाऊंनी दाखवलं तशी. चिखल ताडपत्रीवर काढायचा. मग सावलीत वाळवला, उन्हात नाही हं. वास गेल्यावर ढेकळं फोडली. आणि मुळ्या वेचल्या. बाई, त्या मुळ्यांनी जीव घेतला आमचा! तिवराच्या मुळ्या केसासारख्या, एक काढावी तर खाली दहा. चार दिवस बेचाळीस बायका वेचत होत्या. काहींनी तर सुया आणल्या घरून. शेवटी वस्त्रगाळ केली."

आसावरी घाईनं म्हणाली, "आणि थर?"

"ते कागदात होतं तसं. सगळं एकत्र कालवायचं, गोल पसरायचं, चार भाग करायचे. चार भाग, चार पिशव्या. बरोबर ना?"

"कोणत्या कागदात?"

"तुमच्याच. दीपकभाऊंनी दिला तो. उसाचं चित्र आहे वर. आमच्यातल्या एकीनं मोठ्यानं वाचून दाखवला सगळ्यांना. काडीकचरा, पानं, मुळ्या वेचून टाका, एकही राहिली तर नमुना बाद धरला जाईल. बाद शब्दाला आम्ही घाबरलो, खोटं कशाला बोलू. खाली तुमचं नाव आहे."

उसाच्या शेतकऱ्यांसाठी बारा वर्षांपूर्वी तिनं ते पत्रक लिहिलं होतं, आणि तालुक्यात ते घराघरांत पोचल्याचा तिला अभिमान होता. 'बाद' हा शब्द तिनं मुद्दाम घातला होता, कारण लोक आळस करतात अशी तिची खात्री होती. उसाच्या मातीतून मुळ्या काढायच्याच असतात. कांदळवनाच्या चिखलात त्या मुळ्या, तो कुजका पाला, तो थर, तेच तर मोजायचं होतं. कंपनीनं तीस पानांची इंग्रजी सूचना पाठवली होती. ती तिनं वाचली होती, मराठीत करून देऊ म्हणून टेबलाच्या खणात ठेवली होती, आणि निघायच्या सकाळी दीपकचा फोन आला तेव्हा म्हणाली होती, नेहमीसारखंच घ्या, दीपकराव. पंधरा वर्षं नेहमीसारखं केलेल्या माणसाला तिनं नेहमीसारखं करायला सांगितलं, त्यानं केलं, आणि वर त्याला चोर ठरवलं. बेचाळीस बायकांनी आपली मेहनत सुईच्या टोकानं वेचून फेकून दिली होती, तिच्या शब्दाखातर.

फोन ठेवल्यावर तिनं सतरा नंबरमधली चिमूट जिभेवर ठेवली. खारट. कडू वाटावी इतकी खारट. उजनीचा गाळ असा लागत नाही, उसाची कुठलीच माती अशी लागत नाही. मिठाची तपासणी कंपनीनं मागितली नव्हती म्हणून तिनं केली नव्हती; पण जीभ काय कंपनीनं दिली होती? पहिल्या दिवशी, पहिल्या पिशवीला, एवढंसं करायचं होतं. ती बेसिनवर जाऊन चूळ भरत राहिली, चव जाईना.

विजयसिंहांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नमुने बिघडले एवढं कळवू. चूक त्या बायकांची म्हणू, कागद त्यांनी नीट वाचला नाही."

"नीट वाचला म्हणूनच बिघडले, साहेब."

"तुमचं नाव घालणार? धंद्याचा विचार करा, आसावरीबाई. उद्या इकडचा शेतकरीसुद्धा म्हणेल, ह्यांची माती खोटी."

म्हणेल. आज बरोबर आहे, असं म्हणेल. हे तिला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी तिनं दुसरा अहवाल लिहिला. माती खाडीचीच आहे. चूक माझ्या पत्रकाची आणि माझ्या सूचनेची आहे. आधीच्या अहवालातील शंका निराधार होती. सही केली आणि विजयसिंहांनी अडवायच्या आत स्वतःच पाठवून दिला. दुपारी दीपक शेळगावच्या पिशव्या घेऊन आला. तिनं त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, पहिल्या अहवालासकट. तो ऐकत होता आणि मान हलवत होता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट चालली आहे.

"तुमी भिगवणला गेल्ता ते मला कळलं व्हतं," तो शेवटी म्हणाला. "आमचा मेव्हणा मासळीच्या बाजारात असतो तितं. म्हनला, तुज्या ताई डब्यात चिखल भरत व्हत्या. मी म्हटलं, असंल काय तरी काम." मग त्यानं वर बघितलं. "ते माज्यापायी व्हतं व्हय?"

"हो."

त्यानं पिशव्या टेबलावर नंबरवार लावल्या. एक उलटी लागली होती, ती सरळ केली. "नोंद करून घ्या, मॅडम," म्हणाला आणि जिना उतरून गेला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मॅडम. आसावरीला रडू आलं, आणि त्यातही एक मन म्हणत होतं, हा नाटक तर करत नाही ना. त्या मनाचं काय करायचं ते तिला कळेना.

कंपनीचं उत्तर शुक्रवारी आलं. एकाच प्रयोगशाळेचे एकाच नमुन्यांबद्दल दोन उलट अहवाल आलेले आहेत. तेव्हा दोन्ही ग्राह्य धरता येत नाहीत. या वर्षीची फाईल बंद करण्यात येत आहे. पुढच्या वर्षी गटाचा विचार करताना पहिल्या अहवालातील शेऱ्याचीही नोंद घेतली जाईल. म्हणजे दुसरा अहवाल कुणी मानला नव्हता, आणि पहिला कुणी विसरणार नव्हतं. तिनं खोटं लिहिलं ते टिकलं आणि खरं लिहिलं ते गेलं. तिनं फोन लावला. स्वरूपाला तिनं फाईलचं सांगितलं, मुळ्यांचं सांगितलं. पावसानंतर पुन्हा नमुने घेऊ, मी स्वतः येते, घाट उतरून येते, असंही म्हणाली.

"पावसानंतर कोळंबीवाल्यांची मशीन येणार आहे बाई," स्वरूपा म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसती माहिती होती. "आम्ही अडवू म्हणा. बघू. पण एकदम बंद का केली फाईल? चूक झाली तर सुधारतात ना?"

इथं गप्प बसता आलं असतं. कंपनीचं पत्र इंग्रजीत होतं, ते गावात कुणी वाचणार नव्हतं.

"आधी मी लिहिलं होतं की माती खोटी आहे," आसावरी म्हणाली. "तुम्ही लबाडी केली असेल, असं लिहिलं होतं."

पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या. मग तेही ऐकू येईना. स्वरूपा बहुतेक घरात गेली होती.

"आम्ही?"

"हो."

"लेखी?"

"लेखी."

"मग तसं नाही हे पण लेखी द्या," स्वरूपा म्हणाली. "कंपनीला नको, आम्हाला द्या. पंचायतीत लावायला. गट-बिट नाही चालायचं, बायकांची नावं घालून द्या. ह्या ह्या बायकांनी लबाडी केली नाही. बेचाळीस आहेत, वेळ आहे ना तुम्हाला?"

"आहे," म्हणून आसावरीनं वही ओढली.

"पहिलं लिहा, नकोशी. हो, तेच नाव. तुमच्याच इंदापूरकडची आहे ती, इथं दिलेली. तुमचा कागद वाचून दाखवला तो तिनंच. उसाचं चित्र बघून केवढी हरखली! म्हणाली, हा माझ्या माहेरचा कागद आहे, ह्यात चूक नसणार, ह्यात आहे तस्संच करायचं. सगळ्यात जास्त मुळ्या तिनं वेचल्या. लिहिलं?"

"लिहिलं."

"इथंच उभी आहे. देऊ तिच्याकडं फोन?"

आसावरीनं वहीत त्या नावाखाली दोनचा आकडा घातला. कागदावर ते एकच नाव होतं आणि त्याच्याकडे तिला बघवत नव्हतं.

"बरं, राहू दे," स्वरूपा म्हणाली. "दुसरं नाव घ्या."